पाठीवरचं केसतूड

ग्रूमरकडून अंघोळ करून आलेला कुत्रा त्या दिवशी घरभर बागडत असतो. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, तो पाठीला हात लावू देत नाही. अंग तापलेलं, जेवणाकडे पाठ, चाल आखडलेली. वरून काहीच दिसत नाही, म्हणून मणका दुखावला असावा असंच आधी वाटतं. केस बाजूला सारले की कण्याच्या लगत लालबुंद, रक्ताळलेले फोड दिसतात.

या दुखण्याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: केसतूड. केस तुटून झालेलं गळू. पशुवैद्यक सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तेही जवळपास हेच. आपल्या बाह्यत्वचेत पेशींचे दहा-पंधरा थर असतात, कुत्र्याच्या केसाळ भागात जेमतेम तीन ते पाच. त्यातून एकेका छिद्रात एक राठ केस आणि त्याच्याभोवती मऊ केसांचा झुबका. चोळताना, विंचरताना हात केसांच्या उलट फिरला की काही केस मुळाशी ढकलले जातात आणि ज्या नळीत ते वाढतात तिची भिंत आतल्या आत फाटते. केसाचा तुकडा त्वचेच्या खोल थरात शिरतो. मला थक्क करतं ते इथेच. केस त्याच कुत्र्याचा, त्याच्याच शरीरानं घडवलेला. पण त्या भिंतीपलीकडे गेला की शरीर त्याला ओळखत नाही. काटा रुतावा तसं त्याच्यावर तुटून पडतं.

आणि फाटलेल्या वाटेनं आणखी कुणीतरी आत येतं. बहुतेकदा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू. १८८२ मध्ये कार्ल गेसार या फ्रेंच औषधशास्त्रज्ञानं जखमांच्या पट्ट्यांवरच्या निळ्या-हिरव्या डागांतून तो वेगळा केला. एरुजिनोसा हे या जिवाणूचं आडनाव त्या रंगावरूनच पडलं: लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तांब्यावर चढणारा हिरवा कळंक. ओल हे त्याचं घर.

तो येतो कुठून? पुष्कळदा चक्क शाम्पूच्या बाटलीतून! शाम्पू टिकावा म्हणून त्यात घातलेली द्रव्यं मूळ घट्टपणाचा हिशेब धरून असतात. पसरायला सोपा जावा म्हणून त्यात पाणी ओतलं की तीही पातळ होतात. मग ती बाटली दमट न्हाणीघरात आठवडाभर पडून राहते, संपत आली की तिच्यातच नवं मिश्रण ओतलं जातं, आणि जिवाणू तळाशी चिकट थर धरून सुखानं वाढतात. वास मात्र लव्हेंडरचाच येत राहतो.

असे फोड दिसले तर पुन्हा अंघोळ घालू नका, हळद-तेल चोळू नका. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. जर्मन शेफर्ड असेल तर अधिकच घाई करा, या जातीत हे जास्त आढळतं. हा जिवाणू कित्येक नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, म्हणून फोडातल्या स्रावाची तपासणी करून औषध ठरवतात. ते काही आठवडे चालतं. वेदनाशामकही लागतं, कारण ही वेदना खरोखर मोठी असते. वेळेत औषध मिळालं की बहुतेक कुत्री बरी होतात.

ग्रूमरला विचारायचं ते एवढंच: शाम्पूत पाणी आज घातलंय का, आणि बाटली धुऊन कोरडी केली होती का? मग स्वतःच्या न्हाणीघरातही डोकवा. बादलीमागे तळाशी दोन बोटं फेस उरलेली जुनी बाटली असेल, तर ती आजच ओतून टाका.