विश्लेषण : ‘जादू’चा वाढदिवस मुलांसाठी सुरक्षित आणि आनंददायी कसा करता येईल?

काळी टोपी, चंदेरी चांदण्यांचा अंगरखा, हातात कांडी आणि धूर सोडणारा केक. लहान मुलांच्या वाढदिवसांत सध्या ‘मॅजिक थीम’ला चांगली मागणी आहे. सोसायटीच्या सभागृहापासून हॉटेलपर्यंत जादूगार, सजावट आणि खाऊ एकत्र पुरवणारे व्यावसायिक सहज मिळतात. मात्र या थीममधील धूर, गॅसचे फुगे, लुकलुकणाऱ्या कांड्या आणि फवारे यांपैकी काही गोष्टी मुलांसाठी धोकादायक ठरू शकतात. शिवाय कोणत्या वयाच्या मुलाला कोणती जादू दाखवावी, याचाही विचार क्वचितच होतो.

जादूचा कार्यक्रम कोणत्या वयासाठी योग्य?

स्वीस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण दोन ते सात या वयात मुलांचा तर्क अजून घडत असतो. टोपीतून ससा निघणे आपल्याला अशक्य वाटते म्हणून आपण थक्क होतो. तीन वर्षांच्या मुलासाठी मात्र रिमोटने टीव्ही लागणे आणि टोपीतून ससा निघणे यांत फारसा फरक नसतो. त्यामुळे चारच्या आतील मुलांना पत्त्यांची हातचलाखी कंटाळवाणी वाटते. साबणाचे फुगे, रंग बदलणारे रुमाल, बाहुल्या त्यांना आवडतात. पाच ते आठ हे वय जादूसाठी उत्तम. ‘हे कसं झालं?’ हा प्रश्न याच सुमारास ठळक होतो.

या वयात भीतीही खरी असते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार व सहा वर्षांच्या मुलांना रिकाम्या खोक्यात राक्षस असल्याची कल्पना करायला सांगितले होते. तो खोटा आहे हे मुलांना ठाऊक होते. तरीही काही लहानग्यांनी संशोधकाला खोलीबाहेर जाऊ दिले नाही. त्यामुळे माणूस कापणे, जिभेत सुई खुपसणे, आग गिळणे, कवटी किंवा पूर्ण अंधार असे प्रकार या वयाच्या कार्यक्रमात नकोतच.

जादूगार ठरवताना काय विचारावे?

महाराष्ट्राला मंचीय जादूची मोठी परंपरा आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर, त्यांचे पुत्र विजय आणि नातू जितेंद्र अशा तीन पिढ्यांनी ती जोपासली. मात्र नाट्यगृहातील प्रयोग आणि घरच्या वाढदिवसाचा कार्यक्रम यांत फरक असतो. घरी मुले हाताच्या अंतरावर बसतात, मध्येच उठतात, गुपित ओरडून सांगतात. म्हणून जादूगाराला लहान मुलांपुढे कार्यक्रम करण्याचा अनुभव आहे का, हे आधी विचारावे. अर्धा ते पाऊण तास पुरेसा होतो. मुलांना सतरंजीवर अर्धवर्तुळात आणि पालकांना मागे बसवले, तर सगळ्यांना दिसते.

मंचावर बोलावलेल्या मुलाची फजिती करून हशा मिळवण्याची सवय काही कलाकारांना असते. ते होणार नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. ज्याचा वाढदिवस आहे, तो लाजाळू असेल तर त्याला पुढे ओढू नये. त्याने फक्त कांडी फिरवली तरी तो त्या दिवसाचा जादूगार ठरतो.

प्राण्यांचे काय?

ससा किंवा कबुतर जादूच्या खेळात नेहमीचे मानले जाते. परंतु १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार आणि २००१ च्या नियमांनुसार खेळासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांची नोंदणी आवश्यक असते. आपल्याकडील पोपट तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. गोंगाट आणि वीस मुलांचे हात यांमुळे प्राणी बिथरतो, चावतो किंवा ओरबाडतो. कापडी ससा हा साधा आणि सुरक्षित पर्याय आहे.

धुराचा खाऊ धोकादायक का?

‘जादूचा धूर’ बहुतेकदा द्रवरूप नायट्रोजन किंवा ड्राय आइसपासून तयार होतो. पहिल्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस, तर दुसऱ्याचे सुमारे उणे ७८ अंश असते. यांचा अंश पोटात गेल्यास तोंड, अन्ननलिका व जठराला इजा होते. द्रवाचा वायू होताना आकारमान शेकडो पटींनी वाढते आणि जठराला छिद्रही पडू शकते. २०२४ मध्ये बेंगळूरुत एका समारंभात धुराचे पान खाल्लेल्या १२ वर्षांच्या मुलीवर अशाच कारणाने शस्त्रक्रिया करावी लागली होती. त्याच वर्षी गुरुग्राममध्ये मुखवास समजून ड्राय आइस खाल्लेल्या ग्राहकांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. लहान मूल ‘धूर विरेपर्यंत थांब’ ही सूचना पाळेलच असे नाही. म्हणून खाण्याच्या पदार्थांत हा प्रकार टाळावा.

आणखी कोणती काळजी घ्यावी?

फुगे : तरंगणाऱ्या फुग्यांत हेलियम असल्याचे सांगितले जाते, पण ते महाग असल्याने हायड्रोजन भरण्याचे प्रकार घडतात. हायड्रोजन ठिणगीनेही पेट घेतो. असे फुगे केकजवळ, मेणबत्तीजवळ बांधू नयेत. शक्यतो तोंडाने किंवा पंपाने फुगवलेले वापरावेत. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत, कारण ते घशात अडकून मूल गुदमरू शकते.

फवारे : केक कापताना उडवल्या जाणाऱ्या ‘स्नो स्प्रे’च्या अनेक डब्यांत ज्वलनशील वायू असतो. पेटत्या मेणबत्तीवर फवारा गेल्यास भडका उडतो. मेणबत्ती किंवा औक्षणाचे निरांजन पेटलेले असताना फवारे नकोतच.

कांड्या व अंगरखे : लुकलुकणाऱ्या कांड्यांत आणि दिव्यांच्या फुग्यांत नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर अवघ्या दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता तातडीने रुग्णालय गाठावे. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद असलेलीच वस्तू घ्यावी. अंगरख्याला गळ्याभोवती नाडी नको. ओढताच सुटणारी चिकटपट्टी असावी.

खाऊ : चारच्या आतील मुलांना अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, पॉपकॉर्न देऊ नयेत. कोणाला कसली अ‍ॅलर्जी आहे, हे आमंत्रण देतानाच विचारावे.

मुलांना स्वतः जादू करायला देता येईल का?

नक्कीच, आणि खर्चही फारसा येत नाही. गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात मोठ्यांनी आधी भिजवून, गार करून ठेवावीत. त्या निळ्या पाण्यात मुलांनी लिंबू पिळले, की ते जांभळे-गुलाबी होते. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणखडूने लिहून वर पातळ जलरंग फिरवला, की अदृश्य अक्षरे उमटतात. ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरून साबण लावलेले बोट टेकवले, की मिरपूड कडेला पळते. हळदीचे पाणी खाण्याचा सोडा टाकताच लालसर होते; हळदीपासून कुंकू करण्याची जुनी पद्धत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. परतीच्या भेटीत प्लास्टिकच्या खेळण्याऐवजी अशा एका प्रयोगाची पुडी आणि कृतीची चिठ्ठी देता येते.

जादू आणि चमत्कार यांतील फरक सांगावा का?

हाच या थीमचा सर्वांत उपयुक्त भाग ठरू शकतो. लिंबू कापताच ‘रक्त’ काढून दाखवणारा भोंदू सुरीवर आम्लात लाल होणारे रसायन लावून ठेवतो. गोकर्णाच्या पाण्याने रंग बदलणे आणि हा प्रकार यांमागचे रसायनशास्त्र एकाच जातीचे; फरक हेतूत आहे. जादूगार आपण हातचलाखी करतो हे मान्य करतो. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे व लोकांना फसवणे हा मात्र महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

अर्थात कार्यक्रम सुरू असताना प्रत्येक गुपित फोडण्याची गरज नाही. त्याने मजा जाते आणि कलाकाराचा हिरमोडही होतो. मुलाने ‘हे खरं होतं का?’ असे विचारले, तर ‘ही युक्ती आहे, सरावाने जमते, तुला काय वाटतं, कशी केली असेल?’ एवढे उत्तर पुरते.

नियोजन किती वेळाचे?

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तास भरपूर होतात : सुरुवातीला टोपी रंगवणे, मग जादूचे खेळ, त्यानंतर मुलांचे प्रयोग आणि शेवटी औक्षण, केक व खाऊ. भूक लागण्याआधी खेळ संपावेत. चार-पाच मुलांमागे एक जबाबदार मोठा माणूस असावा आणि त्याचे लक्ष मोबाइलच्या चित्रीकरणाऐवजी मुलांकडे असावे. उघड्यावर कार्यक्रम असेल, तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला परवानगी नसते, हेही ध्यानात ठेवावे.