खाजन : शेतीच्या वर्गातील एक पाठ

‘नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन’ हा भाग शेती विषयाच्या अभ्यासक्रमात आला, की विद्यार्थी वहीत एक तक्ता आखतात. माती, पाणी, वने, जलचर असे रकाने पाडून प्रत्येकाखाली चार-चार उपाय लिहितात आणि परीक्षेत गुणही मिळवितात. त्यात गैर असे काही नाही. परंतु ज्या मुलाच्या घरामागे खाजन आहे, त्याची या तक्त्याने मोठी अडचण होते. खाजन कोणत्या रकान्यात घालावे? तेथील माती पाण्याने घडविलेली, पाणी बांधाने आवरलेले, मासळी त्याच पाण्यातील, आणि बांध माणसांच्या एकोप्यावाचून एक पावसाळाही न टिकणारा. ही शेवटची गोष्ट तर तक्त्यात मुळीच नसते. म्हणून आम्ही शेतीच्या वर्गास हा विषय खाजनावरूनच शिकवितो. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. शेतीशास्त्र आमच्या सहशिक्षकांच्या वाट्याचे. तरीही हा पाठ दोघांनी मिळून घ्यावा लागतो. त्यात रसायनशास्त्र जितके आहे, तितकाच इतिहास आहे.

घाटावरून येऊन गोव्यात स्थायिक झालेल्या कुटुंबांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्या कोकणी बोलीत शेतजमिनीचे मुख्य तीन प्रकार मानतात : उंचावरील मोरड, मधली रेताड खेर आणि नदीकाठची सखल खाजन. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या काठची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल आपल्या पूर्वजांनी बांध घालून सोडविली. तीच ही खाजन जमीन. गोव्यात ती सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगतात. ही विद्या किती जुनी? बांदोडे येथे सापडलेल्या, सहाव्या शतकाच्या सुमाराच्या मौर्य राजा अनिर्जितवर्मन याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. शब्दसुद्धा फारसा बदललेला नाही.

वर्गाची सुरुवात आम्ही फळ्यापाशी करीत नाही. मुलांच्या हाती गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी देतो आणि बांधावर नेतो. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते, एवढे तत्त्व ठाऊक असले की शेताची, बांधाच्या माथ्याची आणि भरतीच्या खुणेची उंची ताडून पाहता येते. मापे कागदावर उतरली, की मुले गप्प होतात. शेत खाली आणि नदी वर! आपण ज्या वाफ्यात उभे आहोत तो भरतीच्या पातळीखाली आहे, हे डोळ्यांनी सहसा कळत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांत दीड ते दोन मीटरांचे अंतर पडते. दिवसातून दोनदा एवढे पाणी बांधाशी येऊन टेकते आणि परत जाते. चिखल, पेंढा आणि बाहेरून चिऱ्यांचे अस्तर, इतक्याच साहित्यावर ते थोपविलेले असते.

मग मानशीपाशी जावयाचे. मानस म्हणजे बांधातील जलद्वार. दगडी चौकटीत लाकडी दारे अशी बसविलेली असतात, की भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की ती आपोआप मिटतात आणि ओहोटी लागून नदी उतरली, की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. तेथे ना यंत्र, ना तेल, ना वीज. चंद्र आणि सूर्य समुद्राला ओढतात तेवढ्याच बळावर ती दारे चालतात. मानशीच्या आत लगेच एक खोल डोह राखलेला असतो, त्याला पोंय म्हणतात. दारांच्या फटींतून झिरपलेले खारे पाणी शेतात पसरण्यापूर्वी तेथे साचते, आणि मासळीलाही तेथे आसरा मिळतो. पोंय गाळाने भरली तर दारे चांगली असूनही शेत खारते. मुलांच्या ध्यानात ही गोष्ट उशिरा येते. तुटलेले दार दिसते, भरलेला डोह दिसत नाही.

यानंतर गणित. एक हेक्टर शेतात दहा सेंटिमीटर उंचीचे खारे पाणी शिरले असे धरा. ते हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर झाले. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या मुखाजवळचे उन्हाळ्यातील पाणी ३० ग्रॅमचे धरू. गुणाकार करा : तीस टन! ‘सर, तीन ट्रक मीठ?’ असे एका मुलाने विचारले होते. ते सगळे शेतात राहत नाही, बरेचसे ओहोटीबरोबर निघून जाते. पण जेवढे मातीत मुरते तेवढे भाताच्या कोवळ्या रोपांना पुरेसे असते. आता उलट बाजू पाहा. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्याच हेक्टरावर हे तीन कोटी लिटर गोडे पाणी झाले. खारे दहा लाख, गोडे तीन कोटी. खाजनातील भात या हिशेबावर पिकते. उन्हाळ्यात जमीन नांगरून ढेकळे तापत ठेवावयाची, पहिल्या पावसांनी त्यांतील क्षार विरघळवू द्यावयाचे, ते पाणी ओहोटीच्या वेळी मानशीतून बाहेर सोडावयाचे आणि मगच मोड आणलेले बी टाकावयाचे, हा जुना क्रम. पाऊस कितीही पडो, मानस चालती नसेल तर धुतलेले मीठ जाणार कोठे?

खाजनासाठी आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेले भात म्हणजे कोरगुट. तांबड्या दाण्याचे, कुसळाचे, उत्पन्नाला बेताचे. परंतु खारेपणा सोसणारे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ या नावाच्या सुधारलेल्या जाती दिल्या आहेत. एका बियाण्याच्या पिशवीत किती माणसांची कामगिरी भरलेली असते, हे मुलांस येथे सांगता येते.

मासळीचा भाग मात्र इतका सरळ नाही. भात कापून झाले, की मानशीतून खारे पाणी आत घेतात. त्यासोबत सुंगटे, शेवटे, काळुंद्री, कुर्ल्या येतात आणि वाढतात. पुढे उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती पकडतात. शितकडीतील शीतही त्याच शेताचे आणि कडीतील नुस्तेही त्याच शेताचे, असा हा थाट. कोठे कोठे उन्हाळ्यात त्याच जमिनीत मीठही पिकवीत. ऋतू ठरलेला होता, तोवर भातकरी आणि मासेकरी यांचे भांडण नव्हते. परंतु मानशीच्या मासेमारीचा लिलाव होतो, आणि सुंगटांचा भाव भाताच्या भावाहून कितीतरी चढा आहे. ज्याने लिलाव घेतला त्याला मानस जितकी उघडी राहील तितका लाभ. ज्याचे भात उभे आहे त्याला ती मिटलेली हवी. पावसाळ्यातही रात्री-अपरात्री दारे उघडली गेल्याच्या तक्रारी गावोगावी ऐकू येतात. आमच्या वर्गात दोन्ही घरची मुले एकाच बाकावर बसतात. एकाचे वडील कूळ, दुसऱ्याच्या मामांकडे मानशीचा ठेका. ‘योग्य व्यवस्थापन करावे’ असे उत्तर या दोघांपुढे लिहून दाखविणे आम्हांस तरी जमलेले नाही.

तेव्हा येथे इतिहासाकडे वळावे लागते. पूर्वी हा तंटा कोण मिटवी? गावकरी. गावची जमीन सामाईक. ती ठरावीक मुदतीने लिलावाने कसावयास द्यावयाची, येणाऱ्या उत्पन्नातून बांध, मानस, पाटबंधारे, देवस्थान यांचा खर्च भागवावयाचा, अशी ती संस्था. १५२६ साली अफोंसो मेशिया याने पोर्तुगीज राजवटीसाठी तिच्या चालीरीती ‘फोराल’मध्ये नोंदवून घेतल्या, पुढे तिलाच कोमुनिदाद हे नाव पडले. ती संस्था निर्दोष होती असे म्हणण्याचा भोळेपणा करू नये. तिच्या लाभांशाचे धनी ठरावीक कुळींचे पुरुष होते. चिखलात उतरून बांध घालणाऱ्या हातांना त्यात वाटा नव्हता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला मालकाची जागा मिळाली, आणि हा न्याय व्हावयासच हवा होता. मात्र जमीन वाटली गेली, बांध वाटता येईना. १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटना काढून बांधाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. काही संघटना आजही उत्तम काम करतात. काहींच्या सभेला कोणी येत नाही. कारण तरुण नोकरीसाठी बाहेर आणि शेत पडीक, मग बांधावर दोन दिवस कोणी घालवावेत?

याच बिंदूवर आम्ही वर्गात एक खेळ घेतो. तीस मुले, तीस पट्ट्या जमीन, एक बांध. प्रत्येकाजवळ दहा चिंचोके. प्रत्येक फेरीत ‘बांधाला’ किती द्यावयाचे हे ज्याने त्याने गुपचूप ठरवून डब्यात टाकावयाचे. डब्यात साठ जमले तर सर्वांना नवे पीक, म्हणजे माणशी पाच चिंचोके. साठाहून कमी पडले तर भगदाड, आणि सर्वांचेच पीक गेले. पहिल्या फेरीत डबा बहुधा भरतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हुशार मुले एकेकच टाकू लागतात, आणि मग एका फेरीत सर्वांचे शेत बुडते. त्यानंतर जो गोंगाट होतो तो आम्ही थांबवीत नाही. कोणी म्हणते, नावे जाहीर करा. कोणी म्हणते, न देणाऱ्याला दंड करा. एकदा एका मुलीने विचारले, ‘ज्याच्याजवळ उरलेच नाही त्याने काय द्यावे?’ आणि मग ‘चिंचोके नसतील तर बांधावर एक दिवस काम’ असा नियम वर्गानेच केला. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने जगातील अनेक सामाईक कुरणे, कालवे आणि मच्छीमारीची पाणी यांचा अभ्यास करून, ती टिकविण्याचे नियम लोक स्वतःच कसे घडवितात हे दाखविले. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री. तिचे नाव आम्ही खेळानंतर सांगतो, आधी नाही.

भगदाडाचे कारण पुष्कळदा लहान असते. कुर्लीने पोखरलेले बीळ, त्यातून पाझरणारी धार, ती रुंदावत जाणे. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जेसच्या लाटांनीही नदीकाठचे बांध झिजविले आहेत. वर समुद्राची पातळी : १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी चढली, असे आंतरराष्ट्रीय हवामान अहवाल सांगतो. आजोबांच्या उंचीचा बांध नातवाला पुरेलच असे नाही. विद्यार्थी अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही दिवशी भरतीची खूण किती वर आली ते एका वहीत लिहितात, आणि बिळे दिसली तर त्यांच्या जागा नकाशावर मांडतात. काम कंटाळवाणे आहे, हे मान्य.

शेवटी सर्वांत कठीण भाग. बांध फुटून शेत चार-पाच वर्षे पडीक राहिले, की भरतीबरोबर आलेली बीजे रुजून तेथे खारफुटी उभी राहते. खारफुटी नदीकाठ सावरते, लाटांचा जोर मोडते, मासळीच्या पिल्लांना आसरा देते. बांधाच्या बाहेर ती असणे हे बांधाचेच चिलखत होय. किनारी नियमनाच्या १९९१ च्या अधिसूचनेपासून तिला कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. २०११ च्या अधिसूचनेने तर गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांचे नकाशे करावेत, लगतची खारफुटी राखावी आणि तेथे बांधकामे होऊ देऊ नयेत, असे सांगितले. पण बांधाच्या आत, एके काळच्या भातशेतात वाढलेल्या खारफुटीचे काय? शेतकरी म्हणतो, हे माझे शेत. वनरक्षक म्हणतो, हे जंगल. दोघेही खरे बोलतात. जमीन विकत घेऊन भराव टाकू पाहणारा तिसरा गृहस्थ दूर उभा राहून वाट पाहत असतो, हे मुलांना सांगावे लागत नाही.

वार्षिक परीक्षेत आम्ही हाच प्रश्न घातला होता : असे शेत पुन्हा भाताखाली आणावे, की खारफुटीला सोडून द्यावे? उत्तरे जवळजवळ निम्मी-निम्मी आली. एकाने भाताच्या बाजूने लिहिताना बांधाबाहेर नवी खारफुटी लावण्याचे कलम घातले. दुसरीने खारफुटीच्या बाजूने लिहून, ज्या कुळांचे शेत गेले त्यांस मानशीच्या मासळीत वाटा मागितला. दोन्ही बाजूंच्या चांगल्या उत्तरांना आम्ही सारखेच गुण दिले. कमी गुण मिळाले ते त्यांना, ज्यांनी चार पाने लिहूनही पुढच्या मे महिन्यात बांधावर चिखल कोण टाकणार हे लिहिले नव्हते.