नाराची हरणे कोणाची?

आमचा धाकटा मुलगा जपानमध्ये ओसाका शहरी नोकरीला आहे. दोन वर्षे तो "या, या" म्हणत होता आणि आमचे काही ना काही निघत होते. एका वर्षी विहिरीचे काम, दुसऱ्या वर्षी पुतणीचे लग्न. अखेर ऑक्टोबरात सोयाबीन घरात आले, हरभऱ्याची पेरणी भावावर सोपवली आणि मी व सौ. विमानात बसलो. जपान म्हटले की लोक टोकियोचे दिवे सांगतात, नाही तर आगगाडीचा वेग. ते आम्हीही पाहिले. पण मन भरून जिथे तीन दिवस हिंडलो ते गाव म्हणजे नारा. त्याचीच हकीकत वाचकांना सांगायची आहे. कारण तिथे देव आहे, देवाची जनावरे आहेत आणि त्या जनावरांपायी शेताची राखण करणारा शेतकरीही आहे.

ओसाकाहून साध्या गाडीने चाळीस मिनिटांत नारा येते. इ. स. ७१० ते ७८४ या काळात हे गाव जपानची राजधानी होते. पुढे राजधानी हलली, राजवाडा मोडला, त्या जागेवर कित्येक शतके भातखाचरे होती. देवळे मात्र जागची हलली नाहीत. म्हणून आजही लोक तिथे येतात.

स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटे चालले की मोठे मैदान लागते, आणि तिथे हरणे दिसतात. पिंजऱ्यात नव्हेत, कुंपणातही नव्हेत. आपल्या चितळासारखी, पण थोडी ठेंगणी आणि जाड केसांची. रस्त्यावर, दुकानाच्या दारात, देवळाच्या पायरीवर, जिथे मनाला येईल तिथे बसलेली. मोटारी त्यांच्यासाठी थांबतात. जागोजागी टपऱ्यांवर त्यांना घालायच्या पापडासारख्या चकत्या मिळतात. गव्हाचे पीठ आणि भाताचा कोंडा, एवढाच माल, साखर नाही. गड्डीला बांधलेली कागदाची पट्टीसुद्धा हरणाने खाल्ली तरी चालेल अशी केलेली असते. या विक्रीतला काही हिस्सा हरणांच्या देखभालीला जातो. चकती वर धरली की हरीण मान लववून नमस्कार करते. सौ.ला त्याचे फार कौतुक वाटले. पण दुसऱ्या मिनिटाला पाच-सहा जणांनी तिला घेरले, एकाने पदर धरला आणि एकाने हातातली पिशवीच ओढली. चावते, लाथ मारते, ढुशी देते, पाडते, अशी चार चित्रे काढलेली पाटी शेजारीच होती; ती आम्ही नंतर वाचली.

पिशवीवरून आठवले. २०१९ साली इथे मेलेल्या हरणांपैकी नऊ हरणांच्या पोटात प्लास्टिक सापडले. एकाच्या पोटातून तर ४.३ किलोचा गोळा निघाला. आपल्याकडे गाईच्या पोटातून काय काय निघते ते आपण जाणतोच. तेव्हा तिकडे जाणाऱ्याने खाण्याच्या पुड्या हातात घेऊन मैदानात फिरू नये.

तांब्याचा बुद्ध आणि आपल्याकडचा भिक्षू

मैदानाच्या टोकाला तोदाईजी हे मोठे देऊळ आहे. तिकीट ८०० येन, म्हणजे आपले साडेचारशे-पाचशे रुपये. आत गेल्यावर ते डोक्यातून जाते. बसलेली बुद्धमूर्ती सुमारे १५ मीटर उंच आहे. आपल्या चार-पाच मजली इमारतीएवढी म्हणा. नुसता एक डोळा मीटरभर लांब.

ती घडली कशी, ते ऐकण्यासारखे आहे. इ. स. ७३५ ते ७३७ या काळात जपानात देवीची साथ आली. गावेच्या गावे ओस पडली. शोमू नावाचा सम्राट तेव्हा गादीवर होता. ७४३ साली त्याने मूर्तीचा हुकूम काढला. त्यात म्हटले होते की, ज्याला गवताची काडी किंवा ओंजळभर माती एवढेच आणता येईल त्यालाही या कामात हात लावू द्यावा; आणि या कामाच्या नावाखाली अधिकाऱ्यांनी रयतेला नाडू नये. हे दुसरे वाक्य मला अधिक आवडले. ग्योकी नावाचा भिक्षू गावोगाव फिरून मदत गोळा करी. त्याने आधी पूल आणि तळी बांधून लोकांचा विश्वास कमावलेला होता.

मूर्ती एका वेळी ओतणे शक्यच नव्हते. खालून वर आठ थरांत ओतली. एक थर झाला की भोवती मातीचा भराव वाढवायचा, त्यावर भट्ट्या मांडायच्या आणि पुढचा थर ओतायचा. तीन वर्षे हे चालले. सुमारे ५०० टन तांबे लागले. देवळाच्या जुन्या नोंदीत हात लावणाऱ्यांची बेरीज सव्वीस लाखांवर जाते. अर्थात ती रोजंदारीच्या हजेरीसारखी बेरीज असणार, माणसांची नव्हे.

७५२ साली मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. आपल्याकडे मूर्तीचे नेत्रोन्मीलन करतात, तसाच. आणि तो कोणी करावा? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. हा दक्षिण हिंदुस्थानातला. चीनमार्गे ७३६ साली जपानला पोचला आणि नारातच राहिला. तिथल्या भिक्षूंना त्याने संस्कृत शिकवले. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब निळी दोरी बांधली होती आणि तिची टोके खाली जमलेल्या लोकांच्या हाती दिली होती. भावना अशी की डोळा एकट्याने नव्हे, सगळ्यांनी उघडला. तो कुंचला आणि ती दोरी आजही नाराच्या जुन्या खजिन्यात जपून ठेवली आहे. बोधिसेन परत आला नाही. ७६० साली तिथेच वारला. इतक्या दूर आपल्याकडचा माणूस जाऊन राहिला, आणि आपल्याला शाळेत त्याचे नावही कोणी सांगितले नाही, हे मनाला लागले.

देऊळ दोनदा लढायांत जळाले, ११८० साली आणि १५६७ साली. आताची लाकडी इमारत १७०९ ची. पहिलीपेक्षा रुंदीला तिसऱ्या हिश्शाने कमी, तरीही ५७ मीटर रुंद. आतल्या एका खांबाला बुडाशी भोक आहे. ते बुद्धाच्या नाकपुडीएवढे असल्याचे सांगतात. पोरे त्यातून सुळकन पलीकडे जातात. आमच्या सुनेने मला आग्रह केला, पण मी माझा घेर ओळखून आहे.

खाण्याचे सांगायचे तर, शाकाहारी माणसाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी. तिकडे साध्या रश्श्यालाही मासळीचे पाणी असते. नाराची एक चीज मात्र आम्हांला चालली. चहाच्या पाण्यात शिजवलेली तांदळाची पेज. सकाळी ती गरम गरम आणि सोबत लोणचे. आजाऱ्याचे जेवण म्हणून सौ.ने आधी नाक मुरडले आणि मग दुसऱ्यांदा वाढून घेतली.

एक दिवस जवळच्या होर्यूजीलाही गेलो. नाराहून गाडीने पंधरा मिनिटांच्या आत. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे उभ्या आहेत. तिथल्या भिंतीवरची चित्रे आपल्या अजिंठ्याच्या चित्रांशी नाते सांगणारी म्हणून प्रसिद्ध होती. २६ जानेवारी १९४९ रोजी आग लागून ती होरपळली. तेव्हापासून जपानने धडा घेतला आणि दरवर्षी त्याच तारखेला देशभर जुन्या देवळांत आग विझवण्याची कवायत होते. अजिंठ्याला लहानपणी सहलीला गेलो होतो, तेव्हा भिंतींवर कोरलेली नावे पाहिली होती. ते आठवले.

देवाचे वाहन

आता पुन्हा हरणांकडे. नाराला कासुगा नावाचे शिंतो पंथाचे मोठे देवस्थान आहे, ७६८ सालचे. दगडी आणि पितळी मिळून तीन हजार दिवे तिथे आहेत. त्या देवस्थानाचा देव दूरच्या काशिमा गावाहून पांढऱ्या हरणावर बसून आला, अशी कथा. म्हणून हरीण देवाचे वाहन. पूर्वी हरीण मारणाऱ्याला देहदंड असे. नाराचे लोक पहाटे लवकर उठतात ते का, तर आपल्या दारात रात्री हरीण मरून पडले नाही ना हे पाहायला. पडले असेल तर शेजाऱ्याच्या दारात सरकवायला! हा विनोद तिकडचे लोक स्वतःच सांगतात. दुसरी गोष्ट मात्र विनोदाची नाही. देवळातल्या शाळेत एक पोरगा अक्षर गिरवत होता, हरणाने त्याचा कागद खाल्ला, त्याने रागाने हातातले वजन फेकले आणि हरीण मेले. त्या तेरा वर्षांच्या मुलाला हरणासकट जिवंत पुरले, अशी दंतकथा आहे. तिची जागाही दाखवतात. खरीखोटी देव जाणे.

काळ बदलला तशी हरणांवरही वेळ आली. दुसऱ्या महायुद्धाच्या उपासमारीत लोकांनी ती मारून खाल्ली. १९४५ साली अवघी ७९ उरली. मग संरक्षण आले, १९५७ साली सरकारने त्यांना राष्ट्रीय ठेवा ठरवले. २०२४ च्या मोजणीत १,३२५ भरली.

आमच्या मुक्कामात शिंगे कापण्याचा सोहळा पाहायला मिळाला. १६७२ पासूनची ही चाल. माजावर आलेला नर माणसाला मारू नये, म्हणून दर ऑक्टोबरात कापतात. गोल रिंगणात गडी दोऱ्या घेऊन नराला गाठतात, धरून निजवतात. मग पांढऱ्या कपड्यांतला पुजारी त्याला पाणी पाजतो आणि करवतीने शिंगे उतरवतो. वाळलेल्या शिंगाला रक्त नसते, जनावराला दुखत नाही. पोळ्याला आपण बैलाची शिंगे साळतो त्याची आठवण झाली. फक्त आपला बैल दावणीला उभा राहतो आणि हा गडी चार माणसांना धुळीत लोळवतो.

बांधापलीकडे

मी मुलाला पहिल्याच दिवशी विचारले होते, "अरे, एवढी हरणे रात्री चरतात कुठे?" शेतकऱ्याच्या डोक्यात दुसरे काय येणार! त्याने कोणाकोणाला विचारून माहिती काढली.

मैदानात गवत आहे, पण एवढ्या तोंडांना ते किती पुरणार? डोंगराच्या पायथ्याशी भात आणि भाजीपाला आहे, तिकडे ती उतरतात. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसले आणि १९७९ साली काही जणांनी दावा लावला. देवस्थान आणि हरणे सांभाळणारी संस्था म्हणाली की ही रानटी जनावरे, आमच्या मालकीची नव्हेत. शेतकरी म्हणाले, चकत्या तुमच्या नावाने विकल्या जातात, शिंगे तुम्ही कापता, आजारी पडले तर उपचार तुम्ही करता. मग आमच्या भातात शिरतानाच ती बेवारस कशी होतात? १९८३ साली नाराच्या न्यायालयाने शेतकऱ्यांचे म्हणणे मान्य करून भरपाई देवविली. १९८५ साली तडजोड झाली आणि गावाचे चार पट्टे ठरले. मधल्या दोन पट्ट्यांत हरणाला हात लावायचा नाही. तिसऱ्यात पीक खाणारे हरीण जिवंत धरून बंदिस्त ठेवायचे. बाहेरच्या चौथ्यात परवानगीने मारताही येईल. पण कागदावर आले तरी देवाच्या वाहनावर हत्यार उचलायला कोणी धजेना. चौथ्या पट्ट्यात मारण्याची परवानगी प्रत्यक्षात वापरली गेली ती २०१७ साली. धरून ठेवलेल्या हरणांचेही सुख नाही. एकदा आत गेलेले जनावर सहसा बाहेर येत नाही. त्यांची आबाळ होते अशी तक्रार २०२३ साली झाली आणि चौकशी बसली. त्यानंतर पट्ट्यांच्या हद्दी नव्याने आखाव्यात का, यावर तिथे खल सुरू झाला.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही मुद्दाम गावाच्या पूर्वेकडे, डोंगराकडेला गेलो. प्रवासी तिकडे फिरकत नाहीत. एक-दीड गुंठ्याची खाचरे, भात पिवळा झालेला, कापणीला आलेला. चहूबाजूंनी माणसाच्या छातीएवढी जाळी आणि तिच्या आत विजेची तार. एक म्हातारे गृहस्थ वाकून खांब ठोकत होते. आम्ही नमस्कार केला, मुलाने सांगितले की आमचे वडीलही शेती करतात. झाले! त्यांनी आम्हांला बांधावरून नेऊन कोपरा दाखवला. चिखलात खुरांचे ठसे, आणि हातभर रुंद पट्टा असा खाल्लेला की जणू विळ्याने कापला. रागावले नव्हते. मी विचारले, हरणांचा राग येत नाही का? ते म्हणाले, लहानपणी त्यांना चकत्या घालायला आजीचा हात धरून जात असे. रात्री तार लावतो आणि सणाला देवाला जातो.

मग त्यांनी विचारले, तुमच्याकडे काय त्रास? मी रानडुकरांचे सांगितले. रात्री मचाणावर बसणे, डबे वाजवणे, फटाके लावणे, सगळे हातवारे करून सांगितले. ते हसले आणि म्हणाले, आमच्याकडेही डुकरे आहेतच, हरणे वरून. भरपाई मिळते का तुमच्या सरकारकडून?

मी म्हणालो, अर्ज करतो आणि मग पंचनामा होतो. मुलगा भाषांतर करायला थांबला. पंचनाम्याला जपानी शब्द काही त्याला सापडेना.