जमिनीखालचं धन : विहिरीतला चकाकता दगड कुणाचा?

गेल्या आठवड्यात आपण गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडच्या किल्ल्यापाशी थांबलो होतो. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत नोंदवलेल्या तिथल्या हिऱ्याच्या खाणीत या वेळी उतरायचं ठरलं होतं. तो बेत एक आठवडा पुढे ढकलतो आहे, कारण बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या उमापूरहून आलेलं एक पत्र. विहिरीचं काम चालू असताना काळ्या खडकातल्या पोकळीतून काचेसारखे टोकदार दगड निघाले. पत्रलेखकांचे प्रश्न दोन आहेत. हा हिरा असू शकतो का? आणि असलाच, तर सात-बारा माझ्या नावावर आहे, मग तो माझाच ना?

पहिल्याचं उत्तर स्पष्ट आहे. तो हिरा नाही. हिरा तयार होतो जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून जास्त खोलीवर, तेही अब्जावधी वर्षं जुन्या, जाड भूखंडांच्या तळाशी. तिथून त्याला झपाट्याने वर आणणारा किंबर्लाईटसारखा खडक लागतो. बीड जिल्ह्यातला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा. तो त्याहून खूप वरच्या थरात वितळला, त्यामुळे हिरा त्याच्या वाटेत आलाच नाही. वैरागड मात्र या लाव्हाच्या चादरीबाहेर, पूर्वेच्या प्राचीन खडकांवर आहे. म्हणून तिथे हिऱ्याची खाण होती आणि उमापूरला ती नाही.

तरीही खात्री करायचीच असेल, तर घण घालू नका. ऐरणीवर ठेवून घाव घालावा आणि फुटला नाही तर हिरा, ही समजूत फार जुनी आहे आणि साफ चुकीची आहे. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही हे खरं, पण ठरावीक दिशांनी त्याच्या चिरा सहज निघतात. खरा हिरा घणाखाली फुटतो. काचेवर ओरखडा काढून पाहण्यातही अर्थ नाही, कारण साधी गारगोटीसुद्धा काच कापते.

सराफाच्या काट्यावर होणारी परीक्षा अधिक भरवशाची. सुटा, स्वच्छ दगड आधी हवेत तोला, मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोला. हवेत 10 ग्रॅम भरणारा हिरा पाण्यात सुमारे 7.2 ग्रॅम भरेल. गारगोटी सुमारे 6.2 भरेल. आपल्या विहिरींत नेहमी निघणारा स्टिल्बाईट साडेपाचच्या आत राहील. हिशेब सोपा व्हावा म्हणून 10 ग्रॅम धरले. एवढा हिरा 50 कॅरटचा होईल.

पण हिरा नाही म्हणून तो दगड बांधावर फेकू नका. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांतून पुढे गरम पाणी झिरपत राहिलं आणि आत स्फटिक वाढले. झिओलाईट गटातली ही खनिजं आणि त्यांच्या जोडीला येणारा अपोफिलाईट जगभरचे संग्राहक शोधत असतात. 2001 साली शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यात, एका विहिरीत हिरव्या अपोफिलाईटचे गोलाकार झुबके निघाले. आज ते जगातल्या नामांकित संग्रहांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतला निळा कॅव्हन्साईट असाच जगप्रसिद्ध झाला. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा पाहून या, म्हणजे आपल्या काळ्या खडकाच्या पोटात काय दडलंय ते कळेल.

आता दुसरा प्रश्न. सात-बारा जमिनीचा हक्क सांगतो, खनिजाचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 48: खनिज जमिनीवर असो वा जमिनीखाली, त्यावरचा हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवलेला आहे. 2013 मध्ये केरळातल्या मलबारच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने निराळा निकाल दिला. कायद्याने हक्क काढून घेतला नसेल, तर जमिनीखालचं खनिज जमीनमालकाचंच, असं न्यायालयाने म्हटलं. त्या निकालाचं कात्रण घेऊन वाद घालणारे भेटतात. पण आपल्याकडे हक्क राखून ठेवणारं कलम स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. त्यातून केंद्राचा 1957 चा खाण कायदा आहेच. परवान्याशिवाय खाणकाम केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग छोट्या माणसाने हिरा शोधायचाच नाही का? इथे पन्नाकडे पाहायला हवं. मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात मझगवाँची मोठी यांत्रिक खाण सरकारी कंपनीची आहे. पण तिच्याबाहेर कुणीही मजूर किंवा शेतकरी हिरा कार्यालयातून 8 मीटर बाय 8 मीटरचा पट्टा घेऊ शकतो. वर्षाची फी 200 रुपये. जमीन सरकारी असू शकते किंवा खासगी. शेतकरी स्वतःच्या रानात पट्टा काढतो, किंवा दुसऱ्याला संमती देऊन हिस्सा ठरवतो. आजूबाजूची बरीच जमीन वनखात्याकडे असल्याने खासगी शेतांना तिथे फार महत्त्व आहे.

खोदकाम हातानेच चालतं. माती आणि दगडाचा थर काढला की खाली हिऱ्याचा गोटेमिश्रित थर लागतो, त्याला तिथे ‘चाल’ म्हणतात. ती बाहेर काढून धुवायची, वाळवायची, जमिनीवर पसरायची आणि बोटांनी एकेक खडा सरकवत बघायची. महिनोन्‌महिने काहीच हाती लागत नाही. मिळाला, तर हिरा कार्यालयात जमा करायचा. तिथला पारखी तो तपासतो आणि वजन करतो, पुढे लिलाव होतो. साडेअकरा टक्के स्वामित्वधन आणि कर कापून बाकी रक्कम शोधणाऱ्याला मिळते. 2018 मध्ये एका मजुराच्या पट्ट्यात 42.59 कॅरटचा हिरा निघाला आणि लिलावात 2 कोटी 55 लाखांना गेला.

याउलट आंध्रातल्या कर्नूल आणि अनंतपूर भागात, जोन्नगिरी, तुग्गली, वज्रकरूरच्या शिवारात, पहिला पाऊस पडला की माणसं लांबून येऊन शेतांत हिरे वेचतात. पाण्याने माती वाहून जाते आणि खडे उघडे पडतात. तिथे पन्नासारखी पट्ट्याची आणि लिलावाची सोय नाही. सापडलेला हिरा गुपचूप व्यापाऱ्याकडे जातो, शोधणाऱ्याला व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो आणि शेतकऱ्याचं रान तेवढं तुडवलं जातं.

दोन्हीकडे खनिज सरकारचंच. फरक इतकाच, की पन्नात शोधणाऱ्याला उघड वाटा मिळतो, म्हणून दगड कार्यालयापर्यंत पोचतो. माझ्या मते आपल्या विहिरींतल्या स्फटिकांनाही असाच रस्ता हवा: तालुक्याला नोंद, जाणकाराकडून पारख, उघड लिलाव आणि शेतकऱ्याचा ठरलेला वाटा. आज विहिरीतली ही संपत्ती बहुतेकदा सुरुंगात चुरा होते किंवा मुरुमाबरोबर भरावात जाते.

उमापूरच्या वाचकांना आणि या उन्हाळ्यात विहीर खोदणाऱ्या सगळ्यांनाच एक विनंती. पोकळी दिसली की त्या जागी सुरुंग थांबवा, फोटो काढा, खोली मोजून लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला दाखवा. वैरागडला पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ.