मनोरा उभा राहील असं घर

हौशी रेडिओवाल्यांच्या आवडत्या १४ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एक लहर साधारण २१ मीटर लांब असते. अमेरिकेत अनेक हॅमचा, म्हणजे अशा हौशी रेडिओवाल्यांचा, घराचा शोध या आकड्यापासून सुरू होतो. खोल्या किती आणि शाळा कुठली, हे नंतर.

जमिनीला समांतर बांधलेल्या अँटेनातून निघालेली लहर दोन वाटांनी पुढे जाते. एक थेट, दुसरी जमिनीवर आदळून वर उसळलेली. पुढे या दोन्ही एकत्र येतात तेव्हा काही कोनांत त्या एकमेकींना बळ देतात, काही कोनांत पुसून टाकतात. कुठल्या कोनात काय होईल, हे अँटेनाची उंची ठरवते. ती अर्ध्या लहरीइतकी, म्हणजे १० मीटरवर असेल तर सगळ्यात जास्त जोर क्षितिजापासून ३० अंशांवर जातो. तीच २१ मीटरवर, म्हणजे सुमारे ७० फुटांवर नेली की हा जोर साडेचौदा अंशांवर उतरतो. यंत्र तेच, वीज तेवढीच.

आणि हे काही अंश फार मोलाचे असतात. सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर सूर्याच्या अतिनील किरणांनी विद्युतभारित झालेला हवेचा थर आहे. तिथून लहर वाकून पृथ्वीकडे परत येते. ३० अंशांनी निघालेली लहर साधारण हजार किलोमीटरवर उतरते, तर क्षितिजालगत निघालेली एकाच झेपेत त्याच्या दुप्पट-तिप्पट मजल मारते. दर झेपेला थोडी शक्ती गळते, म्हणून झेपा जितक्या कमी तितका आवाज शाबूत राहतो. व्हर्जिनियाहून पुणे सुमारे १३ हजार किलोमीटर. ना मध्ये केबल, ना उपग्रह, आणि तरीही शंभर वॉटच्या यंत्राला ‘व्हीयू’नं सुरू होणाऱ्या भारतीय कॉलसाइनकडून उत्तर येतं. मागच्या अंगणातल्या दहा मीटरांचा सूर्यानं घडवलेल्या थराशी असा थेट हिशेब असावा, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

हा हिशेब अडतो तो कागदावर. सप्टेंबर १९८५ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, म्हणजे तिथल्या केंद्रीय दूरसंचार नियामकानं, ‘पीआरबी-१’ हा निर्णय दिला. शहरांनी आणि काउंट्यांनी हौशी रेडिओला वाजवी वाव द्यावा, निर्बंध घालायचेच तर गरजेपुरते घालावेत, असं त्यात बजावलं. काही राज्यांनी पुढे जाऊन आकडेच कायद्यात लिहिले. व्हर्जिनियात दर चौरस मैलाला १२० किंवा त्याहून कमी माणसं राहत असतील तिथे स्थानिक नियमांना अँटेनाची उंची २०० फुटांपेक्षा कमी करता येत नाही, आणि दाट वस्तीत ७५ फुटांपेक्षा कमी. आपले २१ मीटर त्या ७५ फुटांत नीट बसतात!

पण ‘पीआरबी-१’ सरकारी नियमांपुरताच आहे. अमेरिकेत वसाहत आखतानाच बिल्डर जमिनीच्या दस्तात अटी नोंदवतो आणि त्या जमिनीबरोबर पुढच्या प्रत्येक मालकाकडे जातात. त्यांची अंमलबजावणी घरमालकांची संघटना करते. आपल्या सोसायटीचे उपविधी आठवतील, पण इथे बंगला स्वतःचा आणि जमीनही स्वतःची असते. १९९६ च्या दूरसंचार कायद्यामुळे एक मीटरपर्यंतची डिश आणि टीव्हीची अँटेना या संघटनांच्या तावडीतून सुटली. हौशी रेडिओ मात्र तसाच राहिला. जानेवारी २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहानं त्याच्या बाजूचं विधेयक मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते पार पडलं नाही. टीव्ही बघण्याच्या सोयीला संरक्षण आहे आणि वादळात फोन बंद पडल्यावर निरोप पोचवणाऱ्या माणसाच्या तारेला नाही, हे मला मुळीच पटत नाही.

म्हणून जाणता हॅम एजंटच्या तोंडी होकारावर विसंबत नाही. सौदा पक्का करण्याआधी तो काउंटीच्या दफ्तरातला दस्त मुळापासून वाचतो. ‘अँटेना’ हा शब्द त्यात नसेलही, पण बाहेरच्या कुठल्याही बांधकामाला समितीची मंजुरी हवी, एवढं एक वाक्य पुरेसं असतं. संघटनांची लाट येण्याआधीच्या जुन्या वस्त्या आणि गावाबाहेरची मोठी जमीन त्याला जास्त भावते. मनोरा कोसळलाच तर आपल्याच हद्दीत पडावा आणि विजेच्या तारा दूर असाव्यात, हेही तो बघतो. त्या तारांवरच्या ठिणग्यांची खरखर दूरचा क्षीण आवाज गिळून टाकते.

अटींच्या वसाहतीत राहणारेही गप्प बसत नाहीत. अमेरिकेचा झेंडा लावायला संघटनेला बंदी घालता येत नाही, असा कायदा २००६ मध्ये झाला. तेव्हा काही जण झेंड्याच्या खांबातच अँटेना दडवतात. उभी अँटेना लहर क्षितिजालगत सोडते, पण बरीच शक्ती जमिनीत मुरते. दुसरे काही जण दूरच्या डोंगरावर तुकडा घेऊन तिथे मनोरा रोवतात आणि घरी बसून इंटरनेटवरून तो चालवतात. त्यात एक जास्तीचा लाभ आहे: समोर जमीन उतरती असेल तर तिच्यावरून उसळणारी लहर आणखी खाली झुकते आणि कमी उंचीचा मनोराही लांब पोचतो.