'ओव्हर' आणि 'वर'

इंग्रजीतील 'ओव्हर', मराठीतील 'वर' आणि हिंदीतील 'ऊपर' ही एकाच कुळातील भावंडे होत. संस्कृत 'उपरि' हे त्या कुळातील आपल्याला सर्वांत परिचित रूप. परंतु नाते जवळचे म्हणून व्यवहारही सारखा, असे गृहीत धरणाऱ्या अनुवादकाची हमखास फसगत होते.

नामाशी संबंध जोडणारे 'ओव्हर' शब्दयोगी ठरते, नामावाचून आलेले क्रियाविशेषण. रूप दोन्हीकडे तेच. 'तो वर गेला' आणि 'तो माळ्यावर गेला' यांतही हाच भेद आहे. मात्र मराठी 'वर' नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतो आणि त्याचे सामान्यरूप करावयास लावतो. इंग्रजी नाम अशी कोणतीही खूण अंगावर वागवीत नाही.

जबलपूरशी ज्यांचे नाव निगडित आहे ते कामताप्रसाद गुरू यांचे 'हिंदी व्याकरण' १९२० साली काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने प्रसिद्ध केले. त्यासाठी मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चे (१९११) साहाय्य झाल्याचे गुरूंनी मान्य केले आहे. स्थलवाचक क्रियाविशेषणे नामाच्या संबंधाने आली की संबंधसूचक होतात, हे त्यांनीही सांगितले. 'पर' मात्र त्यांनी अधिकरणाच्या विभक्तीत घातला. मराठी एका 'वर'वर जे भागवते, ते हिंदी 'छत पर' आणि 'छत के ऊपर' असे वाटून देते. अर्थात 'डोक्यावर टोपी' आणि 'डोक्याच्या वर पंखा' असा स्पर्शास्पर्शाचा भेद मराठीलाही साधतो. तो षष्ठीच्या आधाराने.

खरी कसोटी नर्मदेकाठी लागते. नदीशी 'ओव्हर' जोडला की इंग्रजीत पूल, पक्ष्यांचे उडणे आणि पैलतीरीचे घर या तिन्ही गोष्टी त्या एकाच शब्दाने सांगता येतात. मराठीत पूल 'नर्मदेवर' असतो, पक्षी 'नर्मदेवरून' उडतात आणि घर 'नर्मदेपलीकडे' असते. उलट 'ती ग्वारीघाटी नर्मदेवर गेली' या वाक्यातील बाई केवळ काठाशी जाते. तेथे 'ओव्हर' घातला तर इंग्रजी वाचक तिला पैलतीरी पोचवील. स्थिती, मार्ग आणि पल्याडची जागा एका शब्दात साठविणे हा 'ओव्हर'चा धर्म. मराठी मार्गासाठी 'ऊन' प्रत्यय जोडते आणि पल्याडसाठी शब्दच बदलते. कोशात 'ओव्हर'पुढे 'वर' एवढेच लिहून थांबणे म्हणूनच अपुरे.

संख्येच्या बाबतीत दोघांचे जमते: 'शंभरावर माणसे'. सत्तेच्या बाबतीतही जमते. सामना 'ओव्हर' झाला की मात्र मराठीत तो संपतो, आणि 'थिंक ओव्हर'मधील क्रियाविशेषण 'विचार करून पाहणे' यातील 'पाहणे' या क्रियापदात विरून जाते. क्रिकेटमधील 'ओव्हर'ला 'षटक' म्हणणाऱ्याने शब्द सोडून चेंडू मोजले, आणि ते बरेच केले. त्याच्यासारखी मोकळीक न घेणारा अनुवादक 'ओव्हर टी'चे 'चहावर बोलणे झाले' असे करतो. मग दोन पात्रांचे लग्नाचे बोलणे चालू असताना मराठी वाचकाला ती चहाच्या गुणदोषांची चर्चा वाटते. तेथे 'चहा घेता घेता' हवे.