एका सामन्याचा हंगाम

लातूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, जेथून मुंबईच्या मानाने हैदराबाद निम्म्याहूनही जवळ पडते अशा देवणी तालुक्यातला एखादा तरुण महाविद्यालयात प्रवेश घेऊन फुटबॉलच्या संघासाठी आपले नाव देतो, तेव्हा त्याच्यापुढे कोणता मार्ग उघडतो, याची कल्पना खुद्द त्याच्या घरच्यांनाही बहुधा नसते. मार्ग कागदावर तरी सरळ आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये येतात. विद्यापीठाचे वार्षिक क्रीडा वेळापत्रक निघाले, की त्यात फुटबॉलच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तारखा आणि यजमान महाविद्यालयाचे नाव येते. संघ तेथे जाऊन रुजू होतात. सामने चालू असताना निवड समिती मैदानाच्या कडेला बसून गुणी खेळाडू हेरते. त्यांतून विद्यापीठाचा संघ उभा राहतो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तेथे जे संघ अग्रेसर ठरतात त्यांना अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते. या साऱ्या व्यवस्थेवर १९२५ साली जन्मलेल्या भारतीय विद्यापीठ संघाची देखरेख असते.

हा सोपान चांगला आहे, आणि त्यावरून वर चढलेल्या मुलाच्या पदरी विद्यापीठाचा ब्लेझर व प्रमाणपत्र पडते तेव्हा त्याच्या घरी जो आनंद होतो, त्याला तोड नाही. परंतु सोपानाच्या पहिल्या पायरीवर जे घडते त्याचा विचार फार थोडे लोक करतात, आणि माझ्या मते या भागातील महाविद्यालयीन फुटबॉलचे सारे दुखणे त्या पहिल्या पायरीतच आहे.

संघ कसा जमतो ते आधी पाहू. फुटबॉलवरच वाढलेली मुले या मुलखात थोडी. येथील मातीत कुस्ती, कबड्डी आणि खो-खो मुरलेली आहे. म्हणून क्रीडा संचालक कबड्डीतला दमदार चढाईपटू आघाडीला घेतात, व्हॉलीबॉलमधला उंच मुलगा गोलरक्षक होतो, आणि गल्लीत चेंडू लाथाडत वाढलेली दोन-चार मुले मध्यभागी उभी राहून बाकीच्यांना सांभाळून घेतात. मग कागदपत्रांचा भाग येतो: पात्रता अर्ज, बारावीचे गुणपत्रक, छायाचित्र, प्राचार्यांची सही आणि शिक्का. यांतला एक कागद अपुरा राहिला तर उत्तम खेळाडूही रेषेबाहेर बसतो. शेवटी मैदान. आपली काळी माती कापसाला आणि हरभऱ्याला जेवढी उदार, तेवढीच फुटबॉलला कठोर. पावसात ती बुटाच्या तळाशी अशी थापली जाते, की दहा पावलांत पाय जड होतो आणि जमिनीलगत दिलेला पास वाटेतच थबकतो. पाऊस सरला की ती भेगाळते, आणि मग त्याच जागी चेंडू टप्पा घेऊन कुठल्या दिशेला उसळेल याचा भरवसा उरत नाही. अशा जमिनीवर फक्की मारून रेषा आखायच्या, बांबूला झेंडे लावायचे आणि सराव सुरू करायचा, तोच सोयाबीनची काढणी येऊन ठेपते. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा राशीच्या दिवसांत मैदानावर आला नाही, तर त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणाला आहे? त्या रकमेतूनच त्याची फी भरली जायची असते. काढणी आटोपते न आटोपते तोच सत्र परीक्षा उभी राहते.

इतक्या सायासाने उभा राहिलेला संघ स्पर्धेला जातो आणि पहिलाच सामना हरतो. स्पर्धा बाद पद्धतीची असल्यामुळे संध्याकाळच्या एसटीने तो परत फिरतो, आणि त्याचा हंगाम तेथेच संपतो. बाद पद्धतीचा हिशेब वाचकांनी एकदा मांडून पाहावा. सोळा संघ उतरले, तर सगळे मिळून पंधराच सामने होतात. त्यांतले आठ संघ एक सामना खेळून घरी जातात, चार संघ दोन सामने खेळतात, आणि चार सामन्यांचा लाभ केवळ अंतिम फेरीतील दोघांना मिळतो. म्हणजे निम्म्या मुलांनी वर्षभराची आशा दीड तासाच्या, कित्येकदा त्याहूनही आखूड केलेल्या एका खेळावर लावलेली असते. तीन वर्षांच्या पदवी शिक्षणात असे तीन सामने झाले, तर त्यातून खेळाडू कसा घडावा? ज्या देवणी गोवंशाने या गावाचे नाव देशभर नेले, त्याचा वळू एका बाजारात निपजत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत, जपत, खुराक देत तो सिद्ध होतो, हे येथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण एका दिवसाच्या बाजारावर विसंबतो.

या ठिकाणी थोडे मागे जाणे अवश्य आहे, कारण फुटबॉल हा या मुलखाला परका खेळ आहे असे जे मानले जाते ते खरे नव्हे. मराठवाडा निजामाच्या अमलाखाली असताना उदगीर-देवणीचा हा टापू बीदर जिल्ह्यात मोडत होता, आणि ज्या संस्थानाचा तो भाग होता त्याच्या राजधानीत महाविद्यालयीन फुटबॉल चांगलाच रुजला होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळलेला एक विद्यार्थी, सय्यद अब्दुल रहीम, पुढे शाळेत शिक्षक झाला, शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन आला, १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचा सचिव राहिला आणि अखेरीस भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. त्यांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला.

रहीम साहेबांचे मोठेपण मला त्या चषकांपेक्षा त्यांच्या शिक्षकी बुद्धीत अधिक दिसते. मुले एकाच पायाने खेळतात असे दिसले, तेव्हा त्यांनी कमजोर पायानेच चेंडू मारायचा अशी स्पर्धा भरविली. मुले चेंडू पायाशी घोळवत बसतात असे दिसले, तेव्हा ड्रिबलिंगला मनाई असलेले सामने योजिले. जो दोष दिसला त्यावर त्यांनी व्याख्यान दिले नाही, त्या दोषापुरते सामने निर्माण केले. खेळाडूला सामन्यातच शिकविता येते, आणि म्हणून सामने पुष्कळ हवेत, ही त्यांची दृष्टी होती.

त्यांच्याच कारकिर्दीतील दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाकडून १०-१ असे पराभूत झाले. स्पर्धा बाद पद्धतीची होती, एका सामन्यानंतर परतीचा प्रवास. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारत पहिला सामना दक्षिण कोरियाकडून २-० असा हरला. परंतु येथे प्रारंभी गटवार साखळी होती. संघाला सावरायला अवधी मिळाला. त्याने थायलंडला व जपानला हरविले, उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर मात केली, आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाला, पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला जखम असताना आघाडीवर खेळलेले जर्नेलसिंग यांच्या गोलांच्या बळावर, २-१ असे नमविले. प्रतिकूल प्रेक्षकांनी भरलेल्या त्या मैदानावर कर्करोगाने ग्रासलेले रहीम उभे होते. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, त्यांचे निधन झाले. पहिल्या पराभवाबरोबर त्या संघाला घरी धाडले असते, तर आशियाचे ते सुवर्णपदक भारताला लाभले नसते.

महाराष्ट्रापुरते पाहावे तर कोल्हापूरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तेथे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा अशी पेठांची व तालमींची नावे लावलेले संघ शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची साखळी खेळतात. हरलेला संघ पुढच्या सामन्याला पुन्हा उभा राहतो, आणि पेठेतला लहान मुलगा एकाच खेळाडूला हंगामभर वारंवार पाहून त्याच्यासारखा पाय टाकायला शिकतो. अशा गावातून आलेला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, यात नवल नाही.

आपल्याकडे असा हंगाम उभारण्यास अलोट द्रव्य लागेल अशी समजूत आहे, ती मला मान्य नाही. उदगीर, देवणी, निलंगा आणि अहमदपूर या गावांतील महाविद्यालयांनी एकेक संघ उतरविला आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या व एकदा परक्या मैदानावर खेळायचे ठरविले, तर बारा सामने होतात आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला सहा येतात. ही गावे अशी आहेत, की सकाळी निघालेला संघ सामना आटोपून संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतो. मुक्कामाचा खर्च नाही, भत्त्याच्या मंजुरीचा खेळखंडोबा नाही. मुलींच्या संघांना तर हीच योजना अधिक सोयीची, कारण दूरच्या स्पर्धेसाठी तीन दिवस बाहेर पाठविण्यास कचरणारे पालक दिवसाउजेडी परतणाऱ्या संघाला परवानगी देतील. काळ जानेवारी ते मार्च हा असावा: सोयाबीन घरी आलेले असते, हिवाळी परीक्षा झालेल्या असतात, जमीन वाळलेली असते, आणि पाणी मारून रोलर फिरविला तर आठ दिवसांत ती खेळण्याजोगी होते. विद्यापीठाची स्पर्धा त्यानंतर पावसाळ्याच्या शेवटी येते. तोवर प्रथम व द्वितीय वर्षाची मुले त्याच महाविद्यालयात असतात, आणि त्यांच्या गाठी सहा सामन्यांचा अनुभव असतो. चार क्रीडा संचालकांनी डिसेंबरात उदगीरला एकत्र बसून तारखा ठरवाव्यात आणि पहिला सामना देवणीला ठेवावा.